उताराच्या अंगणाला वाळ्याची भिंत

उतारावर नवं घर बांधलं की पहिल्याच पावसात परसातली माती खाली. दगडी ताल घालायला तोवर खिशात काही उरलेलं नसतं.

१९५० च्या दशकात फिजीत जॉन ग्रीनफिल्ड यांनी उसाच्या उतारांवर वाळ्याच्या ओळी लावून माती धरली. पुढं १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कामात ते भारतात होते. इथं कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळाच लावत आलेले! (आपण तो माठात टाकतो, बस.)

ओळ समपातळीतच हवी. ठोंब १०-१५ सेंमीवर, पाऊस लागला की लावा. मधे फट राहिली तर पाणी तिथूनच फोडतं. अडलेली माती ओळीमागं साचते, चार-पाच पावसाळ्यांत टप्पा आपोआप पडतो. कापलेलं गवत झाडांच्या आळ्यात टाका.