वेखंडाचा युरोपप्रवास : बी न धरणाऱ्या वनस्पतीचा इतिहास (थ्रेड)

वेखंड म्हटले की आपल्याला बाळाची गुटी आठवते, सहाणेवर उगाळलेला तो उग्र, सुगंधी तुकडा आठवतो. न्हाऊमाखू घातल्यावर टाळूवर चोळलेली वेखंडाची पूडही अनेकांच्या घरी असेल. पण हीच वनस्पती व्हिएन्नाच्या राजोद्यानापासून इंग्लंडच्या नदीकाठापर्यंत कशी पोहोचली, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. आजचा धागा त्याविषयी.

आधी वनस्पती समजून घेऊ. वेखंड बहुवर्षायू आहे आणि त्याला पाय पाण्यात बुडालेले आवडतात. तळ्याचा काठ, ओढ्याची कड, बागेतला कायम चिखलाचा कोपरा, जिथे इतर झाडांची मुळे कुजतात, तिथे हे माजते. पाने तलवारीसारखी, चुरडली की गोडसर वास. खरा ऐवज मात्र चिखलात आडव्या पसरणाऱ्या जाड कांड्यात. त्याचा डोळा असलेला तुकडा ओल्या मातीत खोचला, की नवे रोप तयार.

युरोपीय विद्वानांना हे नाव ठाऊक होते, वस्तू ओळखता येत नव्हती. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने सुगंधी वेत आणि 'आकोरोन' अशा दोन औषधींचे वर्णन केले होते. त्यांपैकी कोणती वनस्पती कोणती, यावर सोळाव्या शतकापर्यंत वाद चालला. म्हणून प्राचीन ग्रंथात 'सुगंधी वेत' दिसला की लगेच 'हे वेखंडच' असे म्हणण्याचा मोह आवरावा. समाजमाध्यमांवर अशी विधाने रोज दिसतात. नाव सापडणे म्हणजे वनस्पती सापडणे नव्हे.

इथे गोव्याचा संबंध येतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात सुगंधी वेतावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि निरनिराळ्या प्रांतांतील नावेही दिली आहेत. त्या नावांवरूनच कळते, की ओर्ता बोलत आहे ती संस्कृतातील 'वचा', म्हणजे आपले वेखंड.

या ग्रंथाचा संक्षिप्त लॅटिन अवतार १५६७ साली अँटवर्पहून निघाला. तो सिद्ध करणारा वनस्पतिज्ञ होता कारोलुस क्लुसिउस. ट्युलिपच्या इतिहासात ज्याचे नाव हटकून येते, तोच हा! पुढे तो सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याच्या सेवेत व्हिएन्नाला गेला आणि १५७४ साली त्याच्या हाती कॉन्स्टँटिनोपलहून आलेली वेखंडाची जिवंत कांडी पडली. ती त्याने लावली, वाढवली आणि मित्रांना वाटली. गोव्याच्या ग्रंथातून जिच्याविषयी सात वर्षांपूर्वी लिहिले, ती वनस्पती आता त्याच्यासमोर पानावर पाने काढत होती. मला या कथेतला हा क्षण सर्वांत प्रिय आहे.

यापुढचा पुरावा कागदावर नाही, पेशीत आहे. युरोपातील वेखंड त्रिगुणित आहे, म्हणजे त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे तेथे त्याला कणीस येते, पण बी धरत नाही. कांड्याचा तुकडा पुराबरोबर खाली वाहत जाईल आणि तिथे रुजेलही. एका नदीच्या खोऱ्यातून डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात मात्र तो आपणहून जाणे कठीण. म्हणजे मठाच्या मत्स्यतळ्यात, किल्ल्याच्या खंदकात वा पाणचक्कीच्या बंधाऱ्यावर दिसणाऱ्या वेखंडाच्या मागे बहुधा कुणाचा तरी हात आहे. त्या हातांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. राजोद्यानाचा वनस्पतिज्ञ आपल्याला ठाऊक आहे. ओला तुकडा फडक्यात गुंडाळून पुढच्या गावी नेणारा माळी, भिक्षू वा वैदू नाही. दप्तरावर जगणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरा अस्वस्थ करते.

इंग्लंडात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते रानात वाढू लागले होते. नॉरिचच्या कॅथीड्रलमध्ये सणाच्या दिवशी त्याची पाने जमिनीवर अंथरत. पावलाखाली चुरडली की दरवळ सुटे. पोलंडमध्ये तर पेंटेकॉस्टच्या सणाला घरे त्याच्या पानांनी सजवण्याची प्रथा आहे.

पोलिश भाषेत त्याला 'तातारक' म्हणतात. तातार स्वारांनी पाणी शुद्ध राहावे म्हणून वाटेतल्या तळ्यांत ते लावले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच वाचावी. पण वनस्पती पूर्वेकडून आली, एवढी आठवण त्या नावाने आजही धरून ठेवली आहे.