सोळा रुपयांचं मिनिट आणि सत्तर अक्षरांचा निरोप

स्मरणिकेसाठी इतिहासावर लिही, असं संपादक मंडळानं फर्मावलं. शिवकालावर लिहायची माझी पात्रता इतिहासाच्या बाईंना चांगली ठाऊक आहे. म्हणून आपल्या डोळ्यांदेखत घडलेला इतिहास निवडला : खिशातला फोन.

१९८९ साली दहावी होऊन आपण पांगलो, तेव्हा बहुतेकांच्या घरी साधा फोनही नव्हता. शेजाऱ्यांचा नंबर 'पी.पी.' म्हणून द्यायचा आणि हाक आली की चप्पल न घालता पळायचं. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५चा. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे! कुणी आपुलकीनं ख्यालीखुशाली विचारली तरी कात्री आपल्याच खिशाला.

येणारे कॉल फुकट झाले ते २००३च्या सुमारास. त्याच वर्षी नोकिया ११०० आला. धूळ आत जाऊ नये असा कीपॅड, डोक्यावर टॉर्च, आणि बॅटरी अशी की चार्जर कुठं ठेवलाय तेच विसरावं. जगभरात हा फोन पंचवीस कोटींच्या आसपास खपला. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत फोनपेक्षा टॉर्चसाठी तो घेतलेली माणसं मला माहीत आहेत. मिसकॉलची भाषाही तेव्हाचीच : एक वाजला म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो.

पण त्या फोननं एक गोष्ट आपल्याकडून काढून घेतली, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे आपली लिपी. एका एसेमेसमध्ये रोमन अक्षरं १६० मावत. देवनागरी लिहिली तर फक्त ७०. त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं मोजलं जाई. 'मित्रमंडळी' हा शब्द आपल्या लेखी पाच अक्षरांचा, फोनच्या लेखी दहाचा. शिवाय पुष्कळ फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटत. मग काय, आपण मराठी रोमनमध्ये लिहू लागलो. 'सर' लिहायला एस, आय, आर अशी बटणं दहा वेळा दाबायची. 'मला', 'माळा', 'मळा' आणि 'माला' चौघींचं स्पेलिंग एकच. ल-ळ आणि न-ण यांच्यासाठी ज्यांनी आपल्या हातावर पट्टी मारली, त्या मराठीच्या सरांना हे बघून काय वाटलं असेल!

आताचा स्मार्टफोन मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो इथं. कॅमेरा, नकाशे, पैसे पाठवणं हे आहेच. बॅटरी मात्र संध्याकाळीच मान टाकते, याबाबतीत जुना फोन केव्हाही सरस. पण देवनागरी परत आली. इतकंच नव्हे, बोललं तरी लिहून येतं. डोळे अधू झाल्यामुळे सरांचं पत्र लिहिणं थांबलं होतं. नातीनं त्यांच्या फोनवर अक्षर मोठं करून दिलं, बोलून टाइप करायला शिकवलं, आणि आता आपल्या ग्रुपवर सगळ्यात लांब मजकूर सरांचा असतो. फोननं ऐकण्यात चूक केली की ते खाली दुरुस्ती पाठवतात, ऱ्हस्व-दीर्घासकट. आपण मात्र अजून 'kay' छापाचं मराठी रोमनमध्येच लिहितो. बोटांना लागलेली ती सवय एसेमेसच्या दरातून आली, आणि दर गेले तरी सवय राहिली. पन्नाशीत ती सुटेल का, शंकाच आहे.

या मेळाव्याचं निमंत्रण ग्रुपवर टाकलं तेव्हा दोन मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. पण तुकडीतले काहीजण त्या ग्रुपवर नाहीतच. त्यांच्याकडं अजून बटणांचाच फोन आहे. शाळेत मागच्या बाकावर असायचे ते, आणि ग्रुपमुळं पुन्हा मागंच राहत होते. म्हणून आम्ही तिघांनी यादी वाटून घेतली आणि एकेकाला फोन लावला. एकानं तर आवाजावरूनच ओळखलं. नाव सांगायच्या आधी माझं शाळेतलं चिडवायचं नाव घेतलं. बोलणं पाऊण तास चाललं. १९९५च्या दरानं सातशे रुपये झाले असते.

मेळावा झाल्यावरही त्यांना फोनच करावा लागेल. संध्याकाळी सातनंतर करा. त्याआधी ते शेतात असतात.