खरी कळ, खोटी कळ: एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

भिलाईत माझ्या आईच्या घरी, अडतिसाव्या आठवड्यातल्या एका रात्री मी प्रयोगवहीत वेळा लिहीत बसले होते. 1.10, 1.22, 1.31, 1.50. पोट दगडासारखे घट्ट होई आणि अर्ध्याएक मिनिटाने सैल पडे. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या बाईला दोन घटनांमधले अंतर मोजण्याखेरीज सुचणार तरी काय? आजीने वहीकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाली, "उठून चार फेऱ्या मार. खऱ्या असतील तर थांबायच्या नाहीत." फेऱ्या मारल्या, पाणी प्यायले, आणि कळा विरून गेल्या. बाळ त्यानंतर नऊ दिवसांनी आले. आजीची ही कसोटी आजही डॉक्टर सांगतात. तिच्यामागचे विज्ञान जुळून यायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्यातला एक टप्पा आपल्या चेन्नईत गाठला गेला.

प्रश्न अर्थातच फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, प्रसूती जवळ आल्याची लक्षणे सांगितली आहेत: थकवा, ओटीपोट जड होऊन उतरणे, कंबर, पाठ व जांघांत वेदना, स्राव, आणि मग 'आवी', म्हणजे प्रत्यक्ष प्रसववेदना. तिथेच एक इशारा आहे. आवी आल्या नसताना जोर लावू नये. वेग नसताना शिंक किंवा ढेकर ओढून आणावी तसा तो यत्न व्यर्थ जातो आणि बाळालाही अपाय होतो. हे वाक्य नुसत्या शास्त्रार्थातून आलेले वाटत नाही. अवेळी घाई केलेल्या बाळंतपणाचे परिणाम कोणीतरी जवळून पाहिलेले असणार. 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी एम.डी.साठी प्रबंध लिहिला, तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या स्त्रीने हा विषय निवडावा, यात मला योगायोग दिसत नाही.

त्याआधी चौदा वर्षे, 1872 मध्ये, लंडनच्या जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला होता. गरोदर स्त्रीच्या पोटावर हात ठेवून काही वेळ थांबले, तर मऊ गर्भाशय आपोआप कठीण होते आणि पुन्हा मऊ पडते. हे केवळ शेवटी नव्हे, गरोदरपणात सतत चाललेले असते, असे त्यांनी दाखवले. गंमत अशी की, खऱ्या-खोट्या कळांचा निवाडा हा त्यांचा हेतूच नव्हता. त्यांना या आकुंचनांतून गर्भधारणेचे निदान करायचे होते. पोटातली गाठ आहे की गर्भ, हे क्ष-किरण किंवा सोनोग्राफी नसलेल्या काळात कळावे कसे? जे आकुंचन पावते ते गर्भाशय, हे त्यांचे उत्तर. या आकुंचनांमुळे गर्भाशयातल्या रक्ताभिसरणाला मदत होते, असेही त्यांनी मांडले. 'खोट्या कळा' या शब्दाशी त्यांचे नाव पुढे जोडले गेले, आणि ते मला त्यांच्यावर अन्याय करणारे वाटते. त्यांच्या लेखी ही आकुंचने पूर्णपणे खरी होती.

हाताने जे जाणवते ते आकड्यात बांधण्याचे काम विसाव्या शतकाच्या मध्यात उरुग्वेमध्ये झाले. मोंतेविदेओ येथे एर्मोहेनेस आल्वारेझ आणि रोबेर्तो काल्देइरो-बार्सिया यांनी पोटातून एक बारीक नळी गर्भजलापर्यंत नेऊन आतला दाब सलग नोंदवला. आलेखावर दोन प्रकारच्या लहरी दिसल्या. एक अगदी लहान, मिनिटाला एखादी, एवढ्याशा भागापुरती. दुसरी हिक्स यांची, पाऱ्याच्या 10 ते 15 मिलिमीटरपर्यंत चढणारी आणि अधिक पसरणारी. त्यांनी एककही दिले: दहा मिनिटांतल्या आकुंचनांची संख्या गुणिले त्यांची सरासरी तीव्रता. दहा मिनिटांत 50 मिलिमीटरची तीन आकुंचने झाली, तर 150 मोंतेविदेओ एकके. परंतु या आलेखांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. शेवटच्या आठवड्यांत ही क्रिया हळूहळू वाढत जाते आणि प्रसूतीत मिसळते. 'इथपर्यंत सराव आणि इथून प्रसूती' अशी भिंत आलेखावर सापडत नाही. जवळपास त्याच काळात, 1954 मध्ये, न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी गर्भाशयमुख किती उघडले याचा वेळेनुसार आलेख काढला. तेव्हापासून अंतिम निवाडा गर्भाशयमुखाकडे आहे: कळांनी ते पातळ होऊन उघडत असेल तर प्रसूती सुरू.

मग एकच स्नायू आठ महिने तुटकतुटक आणि अखेरीस एकदिलाने का आकुंचन पावतो? हृदयाला ताल देणारी ठरावीक गाठ असते. गर्भाशयात तशी जागा सापडलेली नाही. 1977 मध्ये गारफील्ड, सिम्स आणि डॅनियल यांनी 'सायन्स'मध्ये एक धागा दिला. प्रसूतीच्या सुमारास स्नायूपेशींमध्ये विद्युतसंकेत थेट पलीकडे नेणारे सूक्ष्म दुवे, ज्यांना गॅप जंक्शन म्हणतात, मोठ्या प्रमाणात तयार होतात. आणि 2012 मध्ये चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेतील राजीव सिंह व सीताभ्र सिन्हा यांनी फ्रान्समधील सहकाऱ्यांसह 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये त्याचे भौतिकशास्त्र मांडले. त्यांच्या प्रतिमानात उत्तेजित होऊ शकणाऱ्या पेशी आहेत आणि निष्क्रिय पेशी आहेत. एकेकटी कोणतीच पेशी आंदोलने करत नाही. त्या जोडल्या की आंदोलने उपजतात. जोड घट्ट करत गेले की आधी लहान लहान गट एका तालात येतात, मग मोठे प्रदेश, शेवटी संपूर्ण जाळे. सूत्रधार कोणीच नाही. हा निबंध मी विद्यार्थिदशेत वाचला होता, समीकरणांसाठी. त्या रात्री वहीतल्या 12, 9, 19 मिनिटांच्या अंतरांकडे पाहताना तो नव्याने समजला: गट जुळत होते, जाळे अजून जुळले नव्हते.

म्हणूनच एकट्या कळेला 'तू खरी की खोटी' असे विचारून उपयोग नसतो. अंतर कमी होत जाते का, जोर वाढत जातो का, उठण्या-बसण्याने फरक पडतो का, हे तास-दोन तास पाहावे लागते. पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल मंदावली किंवा 37 आठवड्यांच्या आत नियमित कळा लागल्या, तर मात्र पाहत बसायचे नाही, तडक निघायचे. भारतात 2020 मध्ये सुमारे 30 लाख बालके मुदतपूर्व जन्मली. मुळात आठवडा कोणता हेच अनेकींना नेमके ठाऊक नसते. आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या टीएचएसटीआय या संस्थांनी 2024 च्या फेब्रुवारीत जाहीर केलेले 'गर्भिणी-जीए2' हे प्रतिमान, भारतीय मातांच्या सोनोग्राफीवरून गर्भाचे वय सांगणारे, या कारणाने महत्त्वाचे आहे.

तास-दोन तास पाहण्याची चैन मला होती, कारण सेक्टर 9 चे मोठे रुग्णालय दहा मिनिटांवर होते. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा इथे, 80-90 किलोमीटरवर, 1970 च्या दशकाच्या अखेरीस कुसुमबाई या खाणकामगार संघटनेच्या उपाध्यक्ष बाळंतपणात दगावल्या. तेव्हा कामगारांनी स्वतःचे प्रसूतिगृह बांधण्याचा निर्धार केला, आणि त्यातून 3 जून 1983 रोजी शहीद हॉस्पिटल उभे राहिले. वीट-सिमेंटपासून सारे त्यांच्याच श्रमाचे आणि वर्गणीचे. खाणीच्या वस्तीतून किंवा जंगलातल्या पाड्यावरून निघणाऱ्या बाईला 'पाच मिनिटांवर कळा आल्या की या' हा शहरी सल्ला देणे म्हणजे रस्त्यात बाळंत हो असे सांगणे. तिला लवकर निघावे लागते, आणि कळा खोट्या ठरल्या तर परत पाठवण्याऐवजी तिथे टेकायला जागा असावी लागते. छत्तीसगडमध्ये 2002 पासून वस्तीवस्तीत नेमलेली मितानीन हा निर्णय तिच्या उंबऱ्यावर घेते. तिच्याजवळ मोंतेविदेओची नळी नसते, पोटावर ठेवायला हात असतो.

माझी वही अजून आहे. नऊ दिवसांनंतरच्या पानावर अंतरे 7, 6, 5, 5, 4 अशी उतरत गेली आहेत. शेवटची नोंद 3.52 ची, पुढे पेन हातात धरवले नाही.