तोंड डेट्रॉइटचं, पाठ हडपसरची

हडपसरजवळच्या आमच्या मांजरी गावातल्या जुन्या माणसांपुढे गाड्यांचा विषय काढा, पहिलं नाव निघतं डॉजचं. मग फार्गो, शेवरलेट, फोर्ड. जीपवर आले की गप्पा संपतच नाहीत. माझे आजोबा डॉजबद्दल एवढंच म्हणायचे, “माल किती भरायचा ते तिला इचारायचं नसतं, टायरला इचारायचं.” मुठा कालव्याच्या पाण्यावर मांजरीनं ऊस, गूळ, भाजी, द्राक्षं पिकवली. ती पुण्याच्या पेठांत पोचवायचं काम आधी बैलगाड्यांनी केलं, मग या गाड्यांनी. त्यांचा दबदबा गावात अजून आहे. तो कशावर उभा आहे, हे थोरल्यांच्या गोष्टी ऐकता ऐकता मला उमगत गेलं.

फोर्डनं १९२६ मध्ये आणि जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये हिंदुस्थानात बस्तान बसवलं. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला होता. अमेरिकेहून खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. मालगाडी घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा पडायची नुसती चॅसिस: इंजिन, चाकं आणि पुढचं तोंड. हौदा, फाळके, पुष्कळदा केबिनसुद्धा इथला सुतार बांधायचा. आजोबांना आठवणाऱ्या पहिल्या गाडीचं तोंड डेट्रॉइटचं होतं आणि पाठ हडपसरच्या सुतारानं बांधलेली, लाकडाची, लोखंडी पट्ट्या मारलेली. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला पिकअप तयार हौद्यासकट मिळायची, आठवडाभर शेतात आणि रविवारी चर्चला न्यायला. आमच्याकडे ती आली ती थेट कामाला जुंपायला.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं. तेव्हाच्या गोष्टी आजोबा रंगून सांगत. गाडीच्या मागे किंवा बाजूला पिंपासारखी टाकी बसवायची, तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्या गॅसवर इंजिन चालवायचं. पहाटे मंडई गाठायची तर क्लीनरनं मध्यरात्रीच उठून हँडलचा पंखा फिरवत बसायचं, निखारा फुलेपर्यंत. त्या गॅसवर इंजिनाची ताकद पार उतरायची. भरलेली गाडी भैरोबा नाल्याचा चढ चढताना हमखास दम टाकायची. मग वर बसलेली माणसं उतरून धक्का द्यायची. पेट्रोलसाठी घडवलेलं इंजिन कोळशाच्या धुरावर निमूटपणे चाललं, ही गोष्ट त्या पिढीच्या मनात खोल रुतून बसली. डॉजचं नाव झालं ते तिच्या वेगामुळे नव्हे. तिनं नको नको ते सोसलं, म्हणून झालं.

युद्ध संपलं आणि लष्करी गाड्या लिलावात निघाल्या. गावात त्याला ‘डिस्पोजल’ म्हणत. विलीज आणि फोर्ड या दोन्ही कारखान्यांनी बनवलेल्या जीप, डॉजच्या मालगाड्या, ज्याला जे परवडलं ते त्यानं आणलं. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्या सुरुवातीच्या ताफ्यातही शेवरलेट, फोर्ड, स्टुडबेकर होत्या. आमच्याकडे येणारे म्हातारे मिस्त्री दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात उमेदवारी केलेले. त्यांचा हात अमेरिकन इंजिनांवरच बसला होता.

आणि नेमक्या त्याच वेळी कंपन्या गेल्या. देशात गाडी बनवायचा कार्यक्रम नसलेल्यांनी नुसती जोडणी करत राहू नये, असं सरकारी धोरण १९५३ मध्ये ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी पसारा आवरला. रस्त्यावरच्या शेवरलेट, फोर्ड पोरक्या झाल्या. डॉज आणि फार्गो वाचल्या, कारण वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनं क्रायस्लरशी करार करून त्या कुर्ल्यात बनवायला घेतल्या होत्या. दोन्ही एकाच घरच्या, बिल्ला तेवढा वेगळा. जीपचं तसंच. तिला महिंद्रांनी वाढवलं.

पोरक्या गाड्या टिकल्या कशा? नाना पेठेत पार्ट मिळाला तर ठीक, नाहीतर बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथेही नाही मिळाला तर टर्नरकडे जायचं, झिजलेला नमुना दाखवायचा आणि तसाच नवा लेथवर कातून घ्यायचा. या गाड्यांत हे जमायचं, कारण सगळं उघडं असायचं. शिडीसारखी चॅसिस, पाट्यांच्या स्प्रिंगा, पान्यानं खुलणारं इंजिन. डोळ्यांना दिसेल ते हातांना दुरुस्त करता येत होतं. नव्या ट्रकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्या काळात हा फार मोठा गुण होता.

आमच्या घरची गाडी म्हणजे थोरल्या चुलत्यांची, आप्पांची, महिंद्रा एफसी. विलीजनं अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आणलेली ही बिनानाकाची पिकअप. तिथे ती १९६५ पर्यंतच निघाली. इथे महिंद्रांनी तिला पुढे कितीतरी वर्षं चालवलं. इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीशी. उन्हाळ्यात तो पाय भाजून निघे. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या पेट्या भरून आप्पा रात्री मुंबईला निघत. खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापलं की पेट्रोल नळीतच वाफ धरायचं आणि गाडी गचके देऊन थांबायची. आप्पा शांतपणे उतरत, ओला फडका पेट्रोलच्या पंपावर गुंडाळत, विडी संपेपर्यंत थांबत आणि पुन्हा निघत. बॅटरी दगा देई तेव्हा हँडल मारायचं. ते त्यांनी मला शिकवलं. अंगठा दांड्याखालून घालायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिननं उलटा झटका दिला तर हात सुटला पाहिजे, मोडता कामा नये. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. आज हे कुणाला सांगायची वेळ येत नाही, पण माझ्या उजव्या हाताला ते अजून पाठ आहे.

१९७३ नंतर पेट्रोल भडकलं आणि इंजिनं बदलायची लाट आली. डॉजमध्ये पर्किन्सचं डिझेल इंजिन बसलं. ते मद्रासला सिम्पसन कंपनी बनवत असे. जीपांचीही पेट्रोल इंजिनं उतरली. उतरलेलं इंजिन कुणी फेकलं नाही. एक नदीकाठच्या विहिरीवर पाणी ओढत होतं, हे मी स्वतः पाहिलंय. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली आणि भाजीची वाहतूक तिच्याकडे गेली. तेव्हा डॉज मोडली म्हणजे काय झालं? तिचा मागचा ॲक्सल उसाच्या ट्रॉलीखाली गेला. थेऊरच्या ‘यशवंत’ कारखान्यावर उसाची रांग लागायची, तिच्यातल्या कितीतरी ट्रॉल्या अशाच जुन्या ॲक्सलांवर उभ्या असत.

२०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. त्याच वर्षी केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नवा नियम केला. पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. अट मात्र अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. रोजच्या वापराला ती काढायची नाही, धंद्याला तर नाहीच. बंगल्यात झाकून ठेवलेल्या मोटारीला हा नियम शोभतो. आमच्या गाड्या टिकल्या त्या फेरफारामुळेच. पर्किन्स बसवलं नसतं तर गावातली डॉज १९७५ लाच भंगारात गेली असती. सुतारानं हौदा पुन्हा बांधला नसता तर आप्पांची एफसी कधीच बसली असती. मूळपणाची अट लावली की राबून जगलेली गाडी वारशातून बाहेर पडते, आणि तिच्याबरोबर तिला जगवणारे मिस्त्री, टर्नर, सुतारही. हे मला मान्य नाही. इंजिन बदलल्याची तारीख आणि बदलणाऱ्याचं नाव हाच त्या गाडीचा इतिहास आहे, आणि नियमात त्याला जागा मिळायलाच हवी.

ती मिळेल तेव्हा मिळेल. तोवर तुमच्या गोठ्यामागे असं एखादं धूड उभं असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या, भावकीतल्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरला तिच्यापाशी घेऊन जा. इंजिन कुठून आलं, ॲक्सल कुणाचा, हौदा कुणी बांधला, हे विचारा आणि तारखेसकट वहीत उतरवून ठेवा.