वेळेची एकवाक्यता

पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तहसिलीत बोरगाव आहे. तेथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने सव्वाबारा वाजलेले असतात. मुंबईत हाच फरक ३९ मिनिटांचा होतो. घड्याळ खोटे बोलते असे नव्हे, ते ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची वेळ सांगते. आपल्या गावच्या सूर्यावरचा हक्क माणसाने का सोडला, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

आगगाडी येईपर्यंत प्रत्येक गावाची दुपार त्याची स्वतःची होती. गाड्या धावू लागल्या आणि निरनिराळ्या वेळांमुळे वेळापत्रकांत घोळ होऊ लागला. तेव्हा रेल्वेने मद्रास वेधशाळेची वेळ स्वीकारली. तारायंत्राने ती दूरदूरच्या स्टेशनांवर पोहोचू लागली. तथापि १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी हीच वेळ मुंबई शहरावर लादू पाहिली, तेव्हा शहराने कडवा विरोध केला आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ रोजी ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ अमलात आली. घड्याळाचा काटा ३९ मिनिटे पुढे सरकला, म्हणजे मजुराला तितकेच आधी उठणे आले. त्याच महिन्यात मुंबईतील हजारो गिरणी कामगारांचा संताप उसळला. शहराने ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली. हा केवळ हट्ट नव्हता. आपल्याला विचारल्यावाचून आपली सकाळ बदलली, हे त्यामागचे शल्य होते.

आज मिनिटांचा तंटा मिटला आहे. प्रश्न उरला आहे तो सेकंदाच्या अब्जांशाचा. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या सर्वांनी मिळून एका डोळ्यासारखे पाहायचे, तर त्यांची लय एकच हवी. तिचा संकेत काचतंतूंतून प्रत्येक अँटेनापर्यंत जातो.

परंतु प्रकाशालाही वाटेत वेळ लागतो. सेकंदाच्या एका अब्जांशात तो काचतंतूतून जेमतेम २० सेंटिमीटर जातो. शिवाय उन्हाने तंतू किंचित लांबतो आणि त्यातील प्रकाशाची गतीही किंचित बदलते. मग ‘आता बारा वाजले’ हा निरोप मुक्कामी पोहोचेपर्यंत शिळा होतो. यावरचा तोडगा साधा आहे: संकेत पाठवावा, तिकडून तो परत मागवावा, जाण्यायेण्याचा काळ मोजावा, त्याचा निम्मा भाग धरून दूरचे घड्याळ लावावे. जिनिव्हाजवळील सर्न येथे विकसित झालेली ‘व्हाइट रॅबिट’ पद्धती याच तत्त्वावर चालते आणि सेकंदाच्या एका अब्जांशाहूनही कमी चूक करते.

फर्ग्युसनसाहेबांच्या काळी तारेवरून हुकूम गेला, परंतु पलीकडचे उत्तर कोणी ऐकून घेतले नाही. दूरचे घड्याळ आपल्याशी जुळवायचे, तर आधी त्याचे उत्तर ऐकावे लागते, हे काचतंतूने आता सिद्ध केले आहे.