आधी तबकडी की आधी रंगमंच?

गाणाऱ्याने आधी चारचौघांपुढे बसावे, की आधी आपले गाणे तबकडीवर उतरवावे, हा प्रश्न विसाव्या शतकापूर्वी कोणाला पडणे शक्यच नव्हते. मैफल हीच कलावंताची परीक्षा आणि मैफल हीच त्याची पदवी. १९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हाही क्रम हाच होता. कीर्ती आधी, तबकडी मागाहून. पुढे ध्वनिमुद्रण स्वस्त झाले आणि हा क्रम उलटण्याची सोय झाली. नव्याने जमलेल्या वाद्यवृंदापुढे तेव्हापासून पेच उभा आहे. नमुन्याचे मुद्रण घेऊन आधी दारे ठोठवावीत, की मिळेल त्या व्यासपीठावर आधी वाजवीत राहावे? या पेचावर प्रकाश टाकणारे एक उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या गावी उदयास आलेला ‘बीटल्स’ हा वाद्यवृंद होय.

या मंडळींनी तबकडीचा मोह प्रथम अगदी कोवळ्या वयात अनुभवला. १९५८ च्या जुलैमध्ये जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी व जॉर्ज हॅरिसन हे अनुक्रमे १७, १६ आणि १५ वर्षांचे तीन मुलगे दोन साथीदारांसह गावातल्याच एका छोट्या खाजगी ध्वनिमुद्रणगृहात गेले व पदरचे पैसे मोडून त्यांनी दोन गाणी मुद्रित केली. तबकडी निघाली एकच. तिच्यामुळे ना कोणते दार उघडले, ना कोणाचे कान टवकारले. तिचा लाभ इतकाच की, आपण कसे ऐकू येतो हे त्या मुलांना प्रथमच कळले.

खरी घडण झाली ती दुसरीकडे. १९६० च्या ऑगस्टमध्ये हा वाद्यवृंद जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे गेला. बंदरालगतच्या बदनाम वस्तीतील मद्यगृहांत खलाशी आणि रात्रीचे भटके यांच्यापुढे त्यांना रोज चार-चार, सहा-सहा तास वाजवावे लागे. ऐकणारा कंटाळला की सरळ उठून शेजारच्या मद्यगृहात जाई. अशा जागी तीच दहा गाणी पुनःपुन्हा वाजवून भागत नाही. संग्रह वाढवावा लागतो, आवाज टिकवावा लागतो, एकमेकांच्या नजरेवरून लय ओळखावी लागते. १९६२ च्या अखेरपर्यंत त्यांनी हॅम्बुर्गच्या पाच वाऱ्या केल्या. मधल्या काळात लिव्हरपूलच्या ‘कॅव्हर्न’ नावाच्या तळघरात ते शेकडो वेळा वाजले. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी त्याच तळघरात ब्रायन एपस्टाइन या तबकड्यांच्या व्यापाऱ्याने त्यांना ऐकले व थोड्याच दिवसांत तो त्यांचा व्यवस्थापक झाला.

आता पाळी आली ती मुद्रणाच्या परीक्षेची. १ जानेवारी १९६२ रोजी लंडनमध्ये डेक्का कंपनीने त्यांची चाचणी घेतली. आदल्या दिवशी बर्फातून मोटारीने केलेला लांबचा प्रवास, अनोळखी जागा, समोर श्रोता नाही. या स्थितीत त्यांनी १५ गाणी मुद्रित केली. त्यांतील केवळ ३ त्यांची स्वतःची होती. तळघर दणाणून सोडणारे हे कलावंत त्या निर्जीव खोलीत बुजले. डेक्काने त्यांना नाकारले आणि त्याच दिवशी चाचणी दिलेल्या, लंडनच्या आसपास राहणाऱ्या दुसऱ्या वाद्यवृंदाची निवड केली.

पण नाकारलेले मुद्रण वाया गेले नाही. एपस्टाइनने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एचएमव्हीच्या दुकानात त्याच्या तबकड्या करून घेतल्या. तेथून त्या एका संगीतप्रकाशकाच्या कानी पडल्या आणि वाट ईएमआय कंपनीच्या जॉर्ज मार्टिन यांच्यापर्यंत पोचली. गौहरजानचे गाणे मुद्रित करणारी ग्रामोफोन कंपनी १९३१ साली ज्या संस्थेत विलीन झाली, तीच ही ईएमआय. ६ जून १९६२ रोजी तिच्या ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात नवी चाचणी झाली. मार्टिन यांना पीट बेस्ट याचे ड्रमवादन मुद्रणाच्या दृष्टीने समाधानकारक वाटले नाही. मुद्रणापुरता दुसरा वादक घ्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तथापि १६ ऑगस्ट रोजी बेस्टला वाद्यवृंदातूनच निरोप मिळाला आणि त्याच्या जागी रिंगो स्टार आला. यामागे इतरही कारणे सांगितली जातात. पण ज्याने दोन वर्षे सहकाऱ्यांसह रात्री जागवल्या, त्याच्यासाठी रंगमंचाने दिलेले स्थान यंत्रापुढच्या एका संध्याकाळीनंतर डळमळले, हे खरे. गर्दीच्या कोलाहलात जे खपते, ते तबकडीवर खपत नाही.

उलट, रंगमंचाने जे दिले त्याचे मोल ११ फेब्रुवारी १९६३ रोजी कळले. त्या एका दिवसात त्यांनी आपल्या पहिल्या मोठ्या तबकडीसाठी १० गाणी मुद्रित केली. लेननचा घसा सर्दीने बसला होता. तरीही शेवटचे, सर्वांत कठीण गाणे पहिल्याच प्रयत्नात साधले. तो विक्रम एका दिवसाचा दिसतो खरा, पण त्यामागे हॅम्बुर्गच्या अनेक रात्री उभ्या होत्या.

याच्या उलट क्रमाचे उदाहरण नाही असे नव्हे. अमेरिकेतील मेम्फिस येथे १९५३ च्या उन्हाळ्यात एल्व्हिस प्रेस्ली या १८ वर्षांच्या तरुणाने पैसे भरून दोन गाणी मुद्रित करून घेतली. रंगमंचाचा त्याचा अनुभव नाममात्र होता. ५ जुलै १९५४ रोजी तेथेच त्याची पहिली व्यावसायिक तबकडी मुद्रित झाली, ती नभोवाणीवरून गाजली आणि मगच, ३० जुलै रोजी, तो मोठ्या श्रोतृसमुदायापुढे उभा राहिला. परंतु त्याचे दोन्ही साथीदार रंगमंचावर मुरलेले वादक होते आणि ते गाणेही तासन्‌तासांच्या निष्फळ प्रयत्नांनंतर विश्रांतीच्या वेळी सहज हाती लागले होते. ध्वनिमुद्रणगृहाने तेथे तालीमखान्याचे काम केले.

तेव्हा या वादाचा निकाल एका शब्दात लागत नाही. तबकडी साक्षीदार आहे. जे आहे ते ती निःस्पृहपणे सांगते, नसलेले निर्माण करीत नाही. नवख्याने तिच्यापुढे जरूर बसावे, पण प्रथम आरसा म्हणून. आपले व्यंग तीत वेळीच दिसले, तर पुढे कोणा एकावर अकस्मात गदा येण्याचा प्रसंग कदाचित टळेल. जगाच्या दाराशी ती शिफारसपत्र म्हणून न्यायची असेल, तर त्याआधी कंटाळून उठून जाणारा श्रोता जागेवर बसवून ठेवण्याची कला अंगी बाणलेली असावी. ती कला शिकविणारी शाळा मात्र अजूनही एकच आहे: समोर बसलेली माणसे.