नकलेने शिकवलेली बंदूक

बंदुकीची नक्कल म्हटले की आपल्याला नाटकातली लाकडी बंदूक आठवते. मी ज्या नकलांविषयी बोलणार आहे, त्या मात्र खऱ्याच बंदुका आहेत. त्यांत दारू ठासतात, रंजक भरतात, चकमकीची ठिणगी पडते आणि गोळी सुटते. फक्त त्यांचा जन्म दोन-अडीचशे वर्षे उशिरा झालेला असतो.

मूळ बंदूक अमेरिकेतली. पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या परिसरात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन बोलणारे कारागीर येऊन वसले. त्यांच्या मायदेशातली शिकारी रायफल आखूड नळीची आणि जाड गोळीची. इथे शिकारी महिनोन्‌महिने रानात राहणार, शिसे आणि दारू स्वतःच वाहणार. म्हणून नळी लांबत चाळीस इंचांपुढे गेली आणि तिचे छिद्र बारीक झाले. तेवढ्याच शिशात गोळ्या जास्त! ओशट चिंधीत गुंडाळून ठासलेल्या गोळीला नळीतल्या पिळदार खाचा गिरकी देत, त्यामुळे नेम लांबवर लागे. बंदूक पेनसिल्व्हेनियाची, पण नाव पडले ‘केंटकी रायफल’. १८१५च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर गाजलेल्या एका गाण्याची ही किमया.

चित्रपट पाहून वाटते, ही रायफल फक्त गोऱ्या वसाहतवाल्यांच्याच खांद्यावर होती. तसे नव्हते. डेलावेअर आणि शॉनी या मूळ रहिवाशांनीही ती लवकरच आपलीशी केली. भांडण ज्या जमिनीचे होते, ती तर त्यांचीच होती.

पुढे एकोणिसाव्या शतकात कारखाने आले आणि ही विद्या मागे पडत गेली. संग्रहालयांत बंदुका राहिल्या, त्या घडवणारे हात राहिले नाहीत. ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजांनी १९३३ साली आपली राष्ट्रीय संघटना काढली, हौस टिकवली. पण लोखंडाच्या पट्टीपासून अखेरपर्यंत सगळी रायफल हाताने कोण करून दाखवणार?

ते व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या वॉलेस गस्लर यांनी करून दाखवले. १९६९ सालचा त्यांच्यावरचा माहितीपट मी पाहिला, तेव्हा जागचा हललो नाही. भट्टीत लाल झालेली पट्टी सळईभोवती वळवून, ठोकून, सांधून तिची नळी होते. मग आतून ती कोरायची, बाहेरून कानशीने अष्टपैलू करायची. सर्वांत मौजेचे काम खाचांचे. पीळ दिलेल्या लाकडी मार्गदर्शकाच्या आधाराने छोटेसे पाते नळीतून ओढायचे. प्रत्येक वेळी केसभर लोखंड निघते. पाते बोथट नसूनही कापेनासे झाले, की त्याखाली कागदाचा कपटा सारून ते किंचित उचलायचे, आणि पुन्हा ओढायचे. काचेच्या कपाटापुढे तासभर उभे राहून हे कळले नसते.

गंमत अशी, की जुन्या कारागिरांपैकी अनेकजण घोड्यासकट सगळा चाप इंग्लंडहून आलेला घेत, नळीही पुष्कळदा दुसऱ्याने केलेली असे. म्हणजे ही नक्कल कित्येक अस्सल बंदुकांपेक्षा जास्त हातची!

आता हा मोठाच कारागिरीचा व्यवसाय झाला आहे. रेषा उमटलेल्या मेपलच्या लाकडाचे दस्ते, नकाशे कोरलेली दारूची शिंगे, जुन्या कानशी ठोकून केलेले सुरे, कातडी पिशव्या. काहीजण नवी वस्तू मुद्दाम जुनी भासवतात. कोपरे झिजवतात, पितळ काळवंडवतात. इथे माझे मन अडखळते. घेणाऱ्याला ठाऊक असेल तोवर ठीक. पण वस्तू चार हात बदलते, आणि पाचव्याला ती पुराणवस्तू म्हणून विकली जाते. फसतो तो केवळ ग्राहक नव्हे. पुढे तिच्यावरून इतिहास लिहिणाराही फसतो.

जुन्या कारागिरांपैकी जे सही करीत, ते नळीच्या वरच्या पैलूवर नाव कोरत. आजचे चांगले कारागीर बाकी सगळे त्यांच्यासारखे करतात, आणि त्या जागी स्वतःचे नाव घालतात.